डीएमएसओतून हापश्याच्या पाण्यापर्यंत

माझं काम काय, असं गावाकडं कुणी विचारलं तर मी सांगते: पाण्यात विरघळलेल्या अनेक गोष्टींतून एकच गोष्ट नेमकी ओळखणारा रेणू तयार करायचा, आणि त्यानं ती ओळखली की रंग बदलावा किंवा उजेड पडावा अशी सोय त्या रेणूतच करून ठेवायची. माझ्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे फ्लोराइड. पीएच.डी.ला लागल्यापासून मी याच एका आयनाच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणाच्या, मागे आहे. असा ओळखणारा रेणू म्हणजेच सेन्सर. चांगला सेन्सर कशाला म्हणायचं, याबद्दलचं माझं मत मात्र या काळात पार बदललं. ते का बदललं, हे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण मराठवाड्यातली पुष्कळ मुलं आज याच विषयात पीएच.डी. करताहेत.

मी लोहा तालुक्यातली. बी.एस्सी. तालुक्याच्या कॉलेजात, एम.एस्सी. ऑरगॅनिक नांदेडला. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र आम्हाला जेमतेम एका युनिटपुरतं होतं आणि परीक्षेला त्यावर हमखास टीप यायची, क्राउन इथर. ती टीप पाठ करता करता चार्ल्स पेडरसन यांची हकिगत वाचनात आली. हा माणूस ड्युपाँ कंपनीत संशोधक होता, पीएच.डी. नव्हता. त्याला व्हॅनेडियमला धरून ठेवणारा रेणू बनवायचा होता. कच्च्या मालात थोडं कॅटेकॉल राहून गेलं होतं, म्हणून हव्या त्या पदार्थासोबत भलतेच पांढरे स्फटिक निघाले. उतारा किती, तर ०.४ टक्के. दुसऱ्या कुणी ते बेसिनमध्ये ओतले असते. पेडरसननी ते वेगळे काढले, तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं की हा कड्यासारखा रेणू, म्हणजे पहिला क्राउन इथर, पोटॅशियमचा आयन आपल्या मधोमध बसवून घेतो. त्यांचा शोधनिबंध १९६७ चा. १९८७ चं नोबेल पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन या तिघांना मिळालं.

मला त्यात भावलं ते हे, की इथं रेणू एकमेकांना कायमचे चिकटत नाहीत. एक यजमान, एक पाहुणा. हायड्रोजन बंध, विद्युतभारांचं आकर्षण, आकाराचा मेळ, अशा लहान लहान ओढींची बेरीज होऊन ते एकत्र राहतात आणि वेळ आली की सुटतात. एमिल फिशरनं १८९४ मध्येच एन्झाइमसाठी कुलूप-किल्लीची कल्पना मांडली होती. आपल्या शरीरातली कितीतरी कामं अशाच तात्पुरत्या ओळखीवर चालतात. हे प्रयोगशाळेत आपल्या हातानं घडवता येतं, ही गोष्ट मला तेव्हाही फार मोठी वाटली आणि आजही वाटते.

एन्ट्रन्स झाली, कोर्सवर्क झालं, विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढं (आरआरसी) विषय मांडून मंजूर झाला. गाइड सरांनी विषय देतानाच सांगितलं होतं, ‘धन आयन धरणारे पुष्कळ झाले. तू ऋण आयनाकडं बघ. अवघड आहे, पण करण्यासारखं तिथंच आहे.’ अवघड का, ते हळूहळू कळत गेलं. सोडियम, पोटॅशियम म्हणजे गोल गोळे, कड्याचं माप घेऊन बसवता येतात. ऋण आयनांत नायट्रेट सपाट त्रिकोणी, फॉस्फेट चतुष्फलकी, अॅसिटेट दोन टोकांनी धरणारं. पीएच बदलला की काहींचा भारही बदलतो. शिवाय पाणी त्यांना घट्ट धरून ठेवतं. पेडरसनच्या निबंधानंतर वर्षभरातच, १९६८ मध्ये, त्याच कंपनीतल्या पार्क आणि सिमन्स यांनी हॅलाइड आयन पोटात घेणारा पिंजरा बनवून दाखवला होता. तरी ऋण आयनांचं काम धन आयनांच्या बरंच मागं राहिलं.

मी लॅबमध्ये दाखल झाले ते २०१२ साल, मराठवाड्यात दुष्काळाचं. बाहेरच्या वाचकाला ही गोष्ट लक्षात येणार नाही म्हणून सांगते: ऑरगॅनिक लॅबला पाणी लागतं ते धुण्यापुसण्यासाठी तर लागतंच, पण त्याहून जास्त लागतं कन्डेन्सरसाठी. इथेनॉल उकळत ठेवलं की त्याची वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडायला कन्डेन्सरमधून सतत पाणी वाहतं ठेवावं लागतं. नळाला दिवसाआड पाणी असेल तर बारा तासांचं रिफ्लक्स लावायचं कसं? आमच्या लॅबमध्ये प्रत्येक टेबलाखाली एक बादली आणि त्यात कूलरचा छोटा पंप असायचा. पंपाची नळी कन्डेन्सरच्या खालच्या तोंडाला, वरच्या तोंडाची नळी परत बादलीत. तेच पाणी फिरत राहायचं. एप्रिल-मेमध्ये बादलीतलं पाणी तासाभरात कोमट व्हायचं, मग रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून टाकायचा. वीज गेली की पंप बंद, म्हणून आधी हीटर बंद करायला धावायचं. रोटाला (द्रावक उडवून काढायच्या यंत्राला) तर बर्फाशिवाय हातच लावायचा नाही, असा नियमच होता. असल्या व्यवस्थेत काम केलेल्या माणसाला रिअॅक्शन कधी थांबवायची, कुठला टप्पा पहाटे थंडाव्यात उरकायचा, याचं भान पक्कं बसतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही बादली-पंपावरच शिकवते, आता नळाला पाणी असलं तरी.

पहिला रेणू होता थायोयुरियाचा. थायोयुरियाला नायट्रोजनवरचे दोन हायड्रोजन एकाच दिशेला असतात, त्यामुळे तो ऋण आयनाला दोन बोटांच्या चिमटीत धरू शकतो. त्याच्या एका बाजूला नायट्रोफिनाइल गट जोडला की रंगाची सोय होते. सिंथेसिस सोपं: अमाइन आणि आयसोथायोसायनेट एकत्र करून ढवळत ठेवायचं, टीएलसीवर, म्हणजे पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, नवा स्पॉट दिसला की गाळायचं, मग स्फटिक पाडून शुद्ध करायचं. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरसाठी सॅम्पल चंदीगडच्या सैफ या उपकरणकेंद्राला पोस्टानं पाठवायचं आणि स्पेक्ट्रमची वाट बघायची. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रबंधांतले स्पेक्ट्रा तिथूनच आलेले आहेत.

डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला तो रेणू फिकट पिवळा दिसायचा. त्यात टेट्राब्यूटिलअमोनियम फ्लोराइडचे दोन थेंब टाकले की द्रावण क्षणात लालभडक व्हायचं. क्लोराइड टाका, ब्रोमाइड टाका, नायट्रेट टाका, पिवळं ते पिवळंच. एका रांगेत ठेवलेल्या त्या शिश्यांचा फोटो या विषयातल्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात असतो. रंग मोजणाऱ्या युव्ही-व्हिजिबल यंत्रावर टायट्रेशन केलं, एका रेणूला किती आयन लागतात ते बघायला जॉबचा आलेख काढला, बेनेसी-हिल्डेब्रँडचं समीकरण लावून पकड किती घट्ट याचा स्थिरांक काढला. सगळं छान जुळत होतं.

मग सर टेबलाशी आले. त्यांनी ती लाल शिशी उचलून उजेडाकडं धरली आणि ड्रॉपरनं त्यात साध्या पाण्याचे थेंब सोडायला सुरुवात केली. पहिल्या काही थेंबांना लाल रंग नारिंगी झाला. आणखी थोडं पाणी गेलं आणि शिशी पुन्हा पिवळी. फ्लोराइड त्या शिशीतच होतं, कुठं गेलं नव्हतं, फक्त पाणी आलं होतं. सर म्हणाले, ‘आता ह्याचं कारण शोध. पेपर नंतर लिही.’

कारण शोधण्यात माझे पुढचे बरेच महिने गेले, आणि माझ्या शिक्षणातले तेच सर्वांत मोलाचे महिने होते. फ्लोराइड हा सर्वांत लहान हॅलाइड. सगळा ऋण भार एवढ्याशा गोळ्यावर दाटलेला. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी एवढे घट्ट वेढतात की तो वेढा सोडवायला मोलला ५०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. क्लोराइडसाठी हाच आकडा ३६०-३७० च्या घरात आहे. माझा थायोयुरिया दोन हायड्रोजन बंध पुढं करून फ्लोराइडला बोलावत होता, पण पाण्याच्या वेढ्यातून त्याला बाहेर काढण्याएवढी ताकद त्या दोन बंधांत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. मी फ्लोराइडऐवजी हायड्रॉक्साइड टाकून बघितलं. तोच लाल रंग, अगदी तसाच. म्हणजे रंग येत होता तो फ्लोराइडला धरल्यामुळं नव्हे, तर थायोयुरियाचा प्रोटॉन निघून गेल्यामुळं. कोरड्या, म्हणजे पाणी नसलेल्या, डीएमएसओत फ्लोराइड हा चांगला तगडा बेस असतो. तो आधी प्रोटॉनशी हायड्रोजन बंध करतो, मग दुसरा फ्लोराइड आला की दोघं मिळून प्रोटॉनच काढून घेतात आणि बायफ्लोराइड आयन तयार होतो. एनएमआरवर त्याची खूण १६ पीपीएमच्या आसपास दिसते, तीन शिखरांचा एक छोटा संच. माझ्या स्पेक्ट्रममध्ये तो संच दिसला तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या लुईजी फाब्रिझ्झी यांच्या गटानं युरियाच्या रेणूंवर हे सगळं आधीच नीट उलगडून ठेवलं होतं. ते निबंध मी तेव्हा अक्षरशः पाठ केले.

इथं माझं स्पष्ट मत नोंदवते. कोरड्या डीएमएसओत किंवा अॅसिटोनायट्राइलमध्ये रंग बदलणारा रेणू हे रसायनशास्त्र म्हणून चांगलं काम असू शकतं. हायड्रोजन बंध कुठं संपतो आणि प्रोटॉनची देवघेव कुठं सुरू होते, हे त्यातून कळतं, आणि ते कळणं गरजेचं आहे. पण त्याच निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ‘भारतातल्या लाखो लोकांना फ्लोरोसिसचा धोका आहे’ (म्हणजे जास्त फ्लोराइडनं दात आणि हाडं बिघडण्याचा) असं वाक्य घालायचं आणि शेवटच्या परिच्छेदात पाण्याचा शब्दही काढायचा नाही, हे मला मान्य नाही. ज्यांच्या दुखण्याचं नाव घेऊन आपण निबंध सुरू करतो, त्यांचं पाणी निदान एकदा तरी आपल्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पात्रात, गेलं पाहिजे.

हे मत पक्कं झालं ते किनवटला गेल्यावर. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर वसलेला आहे, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला बेसॉल्ट संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. या खडकात फ्लोरिन असलेली खनिजं असतात, फ्लोराइट, अॅपेटाइट, अभ्रकाचे प्रकार. भूजल त्यांच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरत राहतं आणि फ्लोराइड त्यात उतरत जातं. जितकी बोअर खोल, पाण्याचा खडकाशी सहवास जितका लांब, तितकी शक्यता जास्त. दुष्काळात विहिरी आटल्या की माणसं खोल बोअरकडं वळतात, म्हणजे पाणीटंचाई आणि फ्लोराइड हे दोन्ही एकाच घरात येतात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ चं वर्ष सगळ्यांना आठवतं, पण त्या वर्षांत गावोगाव किती खोल बोअर घेतल्या गेल्या, त्याची चर्चा क्वचितच होते.

किनवट तालुक्यातल्या एका तांड्यावर मी एका मैत्रिणीसोबत गेले होते. ती तिथल्या शाळेवर शिक्षिका. शाळेतल्या मुलांचे दात बघितले आणि पुस्तकातलं चित्र समोर उभं राहिलं: पुढच्या दातांवर आडवे खडूसारखे पांढरे पट्टे, काहींचे तपकिरी. दातावरचं एनॅमल तयार होतं त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हे होतं, आणि एकदा झालेला डाग नंतर पाणी बदलून जात नाही. तिथल्या दोन हापश्यांपैकी एकावर ‘पिण्यास अयोग्य’ असं रंगवलेलं होतं. गर्दी मात्र त्याच हापश्यावर होती.

घागर भरत असलेल्या एका आजीबाईंना मी विचारलं, ‘आजी, ह्याच्यावर तर लिहिलंय पिऊ नका म्हणून, मग हेच का नेता?’

त्या म्हणाल्या, ‘बाई, त्या दुसऱ्याचं पाणी जड हाय. दाळच शिजत नाही त्यात, चुलीला लाकूड किती घालावं? ह्या हापश्याचं पाणी गोड हाय, दाळ लवकर शिजती. प्यायलं तर काय व्हतंय, आमी एवढे दिस पीतच आलो की.’ बोलता बोलता त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून घागर कमरेवर घेतली.

मी वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण त्यात पूर्ण रसायनशास्त्र होतं. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारच कमी विरघळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडला वर चढता येत नाही, ते खाली बसतं. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त, तिथंच फ्लोराइड वाढतं. आणि कॅल्शियम कमी म्हणजे पाणी हलकं, चवीला बरं, डाळ लवकर शिजणारं. म्हणजे ज्या पाण्यात दोष असण्याची शक्यता जास्त, तेच पाणी बाईमाणसाला स्वयंपाकासाठी सर्वांत चांगलं वाटतं. नुसत्या पाटीनं ती घागर दुसऱ्या हापश्यावर कशी जाणार? समोर डोळ्यांदेखत काही दिसलं तर कदाचित जाईल. सेन्सर कशासाठी करायचा, ते मला त्या हापश्यावर कळलं.

आणि कसा करायचा, तेही. आमच्या विषयात स्पर्धा असते ती किती कमी फ्लोराइड ओळखता येतं याची. निबंधात नॅनोमोलर, म्हणजे मायक्रोमोलरच्याही हजाराव्या भागाच्या, पातळीचे आकडे अभिमानानं छापले जातात. पण भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ च. हे मोजमाप मोलमध्ये केलं तर १.५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण ७९ मायक्रोमोलर. नॅनोमोलरची इथं गरजच नाही. गरज आहे ती ०.८ आणि १.८ यांतला फरक उघड्या डोळ्यांना दिसण्याची, आणि तोही अशा पाण्यात, ज्यात बायकार्बोनेट लिटरला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे आयनांची संख्या धरली तर फ्लोराइडच्या साठपट असेल. मर्यादेच्या जवळ सेन्सरचा प्रतिसाद किती तीव्र चढतो, हे तो किती कमी फ्लोराइड ओळखतो यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

मधल्या काळात मी सिलिलचा मार्ग धरून बघितला. सिलिकॉन आणि फ्लोरिनचा बंध फार मजबूत असतो. म्हणून चमकणाऱ्या कुमारिनच्या हायड्रॉक्सी गटावर सिलिलची टोपी घालायची, फ्लोराइड ती टोपी काढतं आणि कुमारिन निळं चमकू लागतं. कल्पना देखणी आहे आणि निवड जवळपास निर्दोष. पण पाण्यात ही क्रिया फार सावकाश होते. साबणासारखा पदार्थ घालून वेग वाढवला तरी हापश्यापाशी उभ्या बाईला तेवढा वेळ थांब म्हणता येत नाही. ते काम प्रबंधात गेलं आणि तिथंच राहिलं.

मार्ग सापडला तो जुन्या पद्धतीत. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत स्पॅड्न्स नावाचा लाल द्राव वर्षानुवर्षं वापरात आहे. त्यात रंगद्रव्याला झिर्कोनियमचा आयन जोडलेला असतो. फ्लोराइड आला की तो झिर्कोनियमला ओढून नेतो आणि लाल रंग फिका पडतो. म्हणजे यजमानाजवळ आधी एक पाहुणा बसवून ठेवायचा आणि हवा तो आयन आला की त्यानं तो पाहुणा उठवायचा. टेक्सासच्या एरिक अॅन्स्लिन यांच्या गटानं हेच तत्त्व विस्थापनाच्या नावानं सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्रात मोठं केलं. हातात असलेल्या त्या साध्या लाल बाटलीत आपल्याच विषयाचं मर्म आहे, हे जाणवल्यावर मला फार आनंद झाला.

यात फ्लोराइडला पाण्याच्या वेढ्यातून बाहेर काढण्याचं काम दोन दुबळे हायड्रोजन बंध करत नाहीत, धातू करतो. मी झिर्कोनियमऐवजी अॅल्युमिनियम घेतलं. अॅल्युमिनियमला फ्लोराइडची ओढ पाण्यातही जबरदस्त आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढते, गाळण्यांत अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना वापरतात, त्यामागं हीच ओढ. दुसरीकडं अॅल्युमिनियमशी जोडलं गेलं की चमकणारे रेणूही जुनेच ठाऊक आहेत. १८६७ मध्ये गॉपेल्सरॉडर यानं मोरिन या वनस्पतीजन्य रंगद्रव्यानं अॅल्युमिनियम ओळखलं होतं. फ्लुरोसन्सवर, म्हणजे रेणूच्या चमकण्यावर, चालणाऱ्या सेन्सरची सुरुवात तिथून मोजतात.

अॅल्युमिनियमला धरणारा रेणू म्हणून मी सॅलिसिल्डिहाइडचा हायड्राझोन केला. त्याच जातीचा साधा शिफ बेस आणखी सोपा होता, पण तो आम्लधर्मी पाण्यात तुटतो, हायड्राझोन टिकतो. इथेनॉलमध्ये दोन्ही घटक उकळायचे, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी फ्लास्कच्या तळाशी सुयांसारखे फिकट पिवळे स्फटिक. त्याच्यासोबत अॅल्युमिनियम गेलं की नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली निळसर हिरवा उजेड पडतो. फ्लोराइड गेलं की उजेड मावळतो. थोडं अॅल्युमिनियम जास्तीचं ठेवलं तर सुरुवातीचं फ्लोराइड तेच गिळतं आणि उजेड मावळायला उशिरा सुरुवात होते. म्हणजे जास्तीचं अॅल्युमिनियम किती ठेवायचं, यावरून उजेड कुठल्या पातळीला मावळावा ते पुढंमागं सरकवता येतं. मर्यादेच्या जवळचा चढ तीव्र करण्याचं माझं निम्मं काम याच एका गोष्टीवर झालं.

कागदावर हे सोपं दिसतं. तांड्यावरच्या पाण्यात मात्र पीएच आठच्या आसपास, त्यात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन गढूळ होतं. म्हणून अॅसिटेट बफर घालून पीएच पाचच्या आसपास आणावा लागला, आणि बायकार्बोनेट एवढं असतं की नेहमीचा बफर पुरत नाही, तो चांगला दाट लागतो. त्यानंतर एका हापश्याचं पाणी फ्लोराइड मोजायच्या इलेक्ट्रोडवर स्वच्छ निघालं, पण माझ्या शिशीत उजेड मावळला. कारण लोखंड. जुना हापसा, आत गंजलेले पाइप. फेरिक आयन, म्हणजे लोखंडाचं गंजातलं रूप, फ्लुरोसन्स विझवतो, आणि विझलेला उजेड फ्लोराइडमुळं की लोखंडामुळं, हे डोळ्याला कळत नाही. आता आम्ही आधी बराच वेळ हापसून पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाकतो आणि नमुन्यात चिमूटभर अॅस्कॉर्बिक आम्ल घालतो, फेरिकचं फेरस होतं आणि ही अडचण टळते. नमुना प्लॅस्टिकच्याच बाटलीत घ्यायचा. शेजारी प्रत्येक नमुना फ्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजायचाच. हा इलेक्ट्रोड लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा, फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये दिलेला, आणि आजही भरवशाला त्याच्या जवळपास दुसरं काही नाही. आपल्या रेणूवर प्रेम असावं, पण निवाडा इलेक्ट्रोडनंच करावा.

फेलोशिपचे हप्ते उशिरा येणं, सायनॉप्सिस, व्हायवा, पुण्यातला पोस्टडॉकचा काळ, नंतर नोकरीसाठीच्या मुलाखती, हे सगळं सर्वांच्या वाट्याला येतं तसंच माझ्याही आलं. त्यावर जास्त लिहावं असं काही नाही. मी परत नांदेड जिल्ह्यात आले ते ठरवूनच. पुण्यात एनएमआर हाताशी होता, इथं पाणी हाताशी आहे.

सध्या माझी एक विद्यार्थिनी किनवटचीच आहे. द्रावणाऐवजी गाळणकागदाची पट्टी करायचं काम तिच्याकडं आहे. हायड्राझोन, अॅल्युमिनियम आणि बफर कागदात मुरवून वाळवायचे, पाण्याचा थेंब टाकायचा, टॉर्च मारायची. वरच्या ओळीत ०.५, १, १.५ आणि ३ मिलिग्रॅमचे नमुने छापलेले, त्यांच्याशी ताडून बघायचं. अडचण उन्हाळ्याची आहे. ४३-४४ अंशांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पट्ट्या काही आठवड्यांत निस्तेज होतात, अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद केलेल्या टिकतात, पण पाकीट उघडलं की लगेच वापराव्या लागतात. ती सध्या कागदाऐवजी कापडाची पट्टी करून बघते आहे. ०.५ आणि ३ कुणालाही ओळखू येतात. १ आणि १.५ मधला फरक शाळेतल्या मुलींनी बहुतेक वेळा बरोबर सांगितला, म्हाताऱ्या माणसांना तो दिसत नाही. म्हणून उजेड नुसता मावळण्याऐवजी हिरव्याचा नारिंगी व्हावा, यासाठी पट्टीत फ्लोराइडशी देणंघेणं नसलेला दुसरा, नारिंगी चमकणारा रंग घालायचा विचार आहे. हिरवा मावळला की तो वर दिसेल.

पाऊस संपला की त्याच हापश्यांचे नमुने पुन्हा घ्यायचे आहेत. मे महिन्यातले आकडे आमच्याकडं आहेत, पण पुनर्भरणानंतर पाणी किती बदलतं ते बघितल्याशिवाय कुठल्या हापश्याला पट्टी वर्षातून एकदा पुरेल आणि कुठल्याला दोनदा लागेल, हे ग्रामपंचायतीला सांगता येणार नाही.